‘पाचोळा’तील गंगाराम : व्यक्तिरेखेच्या विकासाचा प्रश्न

कादंबरीतील व्यक्तिरेखेचा विकास म्हणजे तिच्या स्वभावातील परिवर्तन, असे सामान्यतः मानले जाते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये सपाट व गोलाकार व्यक्तिरेखा असा भेद केला आणि वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करण्याची क्षमता ही गोलाकार व्यक्तिरेखेची कसोटी ठरविली. मराठवाड्यातील खेड्याचे चित्रण करणाऱ्या रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीपुढे ही कसोटी अपुरी पडते.

येथील गंगाराम शिंपी बदलत नाही. बदलतो तो भोवतालचा काळ. धंदा बसत गेला तरी त्याचा ताठा सैल होत नाही. प्रारंभी जो स्वाभिमान वाटतो, तोच पुढे संसाराच्या पडझडीचे कारण होतो. गुण तोच राहतो, त्याचा अर्थ पालटतो. ही वाटचाल जाणवते ती निवेदनामुळे. कथा सांगते त्याची पत्नी पार्वती, आपल्या बोलीतून. नवऱ्याचे मन तिला थेट दिसत नाही. त्याच्या बोलण्या-वागण्यावरून ती ते ताडत राहते. त्यामुळे त्याच्या न बदलण्याची किंमत तिच्या धास्तीतून वाचकाला उमगते.

म्हणूनच गंगारामला ‘स्थिर पात्र’ ठरवून निकालात काढणे अन्यायाचे होईल. व्यक्तिरेखेचा विकास केवळ स्वभावात नव्हे, तर स्वभाव आणि परिस्थिती यांच्या बदलत्या नात्यात शोधावा लागतो.