आगगाडीतील सुखसोयी

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही हे गोंदिया-बल्लारपूर लोहमार्गावरील एक स्थानक आहे. पूर्वी या मार्गावरील दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते. त्यावरून छोटी गाडी झाडीतून संथपणे जात असे. अशा गाडीत उपाहारगृह कोठून असणार? भाकरीचे गाठोडे आणि पाण्याचा तांब्या हीच उतारूंची सोय.

त्याच काळी अमेरिकेतील आगगाड्या म्हणजे जणू चाकांवरची अतिथिगृहे होती. दि. 20 मार्च 1949 रोजी सुरू झालेली 'कॅलिफोर्निया झेफिर' ही त्यांपैकी एक. शिकागोहून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत सुमारे चार हजार किलोमीटरांचा तिचा प्रवास होता. न गंजणाऱ्या पोलादाचे चकचकीत डबे, थंड केलेली हवा, निजण्याच्या खोल्या आणि भोजनाचा स्वतंत्र डबा अशी तिची मांडणी होती. पाच डब्यांच्या छपरांवर काचेचे घुमट होते. जिना चढून तेथे बसले की चहूंकडचे डोंगर आणि दऱ्या दिसत. हे प्रदेश दिवसा उजेडी लागावेत, असेच वेळापत्रक आखलेले होते. ध्वनिवर्धकावरून स्थळांची माहिती देण्यास व भोजनाच्या वेळा नोंदविण्यास एक परिचारिका नेमलेली असे. विशेष हे, की पाचांपैकी तीन घुमट स्वस्त तिकिटाच्या उतारूंच्या डब्यांवर होते. पुढे मोटारी व विमाने यांच्या स्पर्धेमुळे 1970 साली ही गाडी बंद पडली.

महाराष्ट्रात थाटाची गाडी त्याहून आधीच आली होती. दि. 1 जून 1930 रोजी मुंबई-पुणे मार्गावर 'दख्खनची राणी' धावू लागली. सात-सात डब्यांचे दोन संच, एक रुपेरी व दुसरा निळा, तिच्यासाठी बांधले होते. त्यांचे सांगाडे इंग्लंडात तयार झाले व वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात. टेबलाशी बसून खाण्याचा तिचा डबा आजही प्रवाशांच्या कौतुकाचा विषय आहे. 2021 मध्ये तिला काचेच्या छताचा डबाही जोडण्यात आला. परंतु या राणीच्या दरबारात आरंभी पहिल्या व दुसऱ्या वर्गालाच प्रवेश होता. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी तिची दारे उघडण्यास 1955 साल उजाडावे लागले.

तिसरा वर्ग 1974 मध्ये संपला, तरी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्या उघड्याच राहिल्या. कठीण फळीवर काढलेली रात्र खिडकीतील देखाव्यापेक्षा अधिक काळ स्मरणात राहते! हे दुःख ओळखले ते कोकणातून लोकसभेवर निवडून गेलेले रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी. त्या फळ्यांवर त्यांनी दोन इंच जाडीची मऊ गादी बसविण्याचे ठरविले. घुमट नव्हे, झुंबर नव्हे. केवळ दोन इंच! परंतु ती लाभली लक्षावधी सामान्य प्रवाशांना. अशी आसने असलेली 'गीतांजली एक्सप्रेस' दि. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई व हावडा यांच्या दरम्यान नागपूरमार्गे सुरू झाली. तीत वर्गभेद नव्हता. सारे उतारू एकाच वर्गाचे.

नागपूरला उतरून नागभीडमार्गे सिंदेवाहीस जाणाऱ्याला मात्र पुढेही कित्येक वर्षे ती अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडीच गाठावी लागे. सिंदेवाहीस रुंद रूळ आले ते शतकाच्या अखेरच्या दशकात.