नावाला हसण्याआधी

बालमित्रांनो, तुमचं पूर्ण नाव काय? जरा मोठ्याने सांगा पाहू! आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सांगितलंत? कुठे अडखळला नाहीत ना? छान! पण प्रत्येकाला हे इतकं सोपं जात नाही, बरं का. आज मी तुम्हाला अशाच एका मुलाची गोष्ट सांगणार आहे. आणि त्या गोष्टीत चूक कोणाची होती माहीत आहे? माझी! हो, तुमच्या बाईंसारख्याच एका बाईंची.

जून महिना होता. चौथीचा वर्ग नवा, मुलंही काही नवी. मी म्हटलं, "एकेकाने उभं राहून पूर्ण नाव सांगा." सगळ्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. शेवटच्या रांगेतला एक मुलगा मात्र आपलं नाव आणि आडनाव सांगून पटकन खाली बसला. मधलं नाव त्याने गिळूनच टाकलं. मी हजेरीत पाहिलं. वडिलांचं नाव लिहिलं होतं 'कचरू'. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हे खरं नाव आहे की टोपणनाव?"

झालं! वर्गात खसखस पिकली. मधल्या सुट्टीत त्याला 'ए कचऱ्या' अशी हाक ऐकू आली. तुम्हाला ठाऊक आहेच, मित्राला चिडवायचं असेल तर आपण काय करतो? त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतो! दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मात्र त्याचे वडीलच आले. डोक्यावरची टोपी काढून व्हरांड्यात उभे राहिले.

"बाई, पोरगं शाळेला यायचं नाही म्हणतंय. माझ्या नावाला हसले म्हणं सगळे."

मला मान वर करवेना. मी माफी मागितली. ते म्हणाले, "हसू द्या की. मला सवय हाय. पण माझ्या आईची गोष्ट तेवढी सांगा पोरांना. माझ्या आधी दोन भावंडं झाली, ती वर्षाच्या आतच गेली. मी झालो, तसं आजीनं मला सुपात घातलं आन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मागनं शेजारची मावशी आली. तिनं उचलून आणलं, आईच्या ओटीत घातलं आन् म्हणाली, 'उकिरड्यावर कचरा सापडला, घे, सांभाळ.' तवापासनं मी कचरू!"

मुलांनो, तुम्ही म्हणाल, आपल्या बाळाला कोणी कचरा म्हणतं का? पण जरा विचार करा. त्या काळी खेड्यात दवाखाना दूर, लसी सगळीकडे पोचलेल्या नाहीत, प्यायचं पाणीही स्वच्छ नाही. जुलाब, गोवर, धनुर्वात अशा आजारांनी कितीतरी घरांतले पाळणे रिकामे होत. मग घाबरलेल्या आईला वाटे, बाळाचं नाव इतकं टाकाऊ ठेवावं, की मृत्यूचं त्याच्याकडे लक्षच जाऊ नये. कचऱ्याला कोण कशाला उचलून नेईल? दगडाला कोण हात लावील? म्हणून कुणी कचरू झाला, कुणी दगडू, कुणी धोंडू, तर कुणी भिकू. मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणत. अर्थात नावामुळे कोणी वाचत नाही. बाळं वाचतात ती लसीने, स्वच्छ पाण्याने, वेळेवर मिळालेल्या औषधाने. ती समजूत खोटी होती, पण त्या समजुतीमागची माया मात्र खोटी नव्हती. ऐकायला वेडंवाकडं वाटणारं ते नाव म्हणजे एका आईने देवापुढे धरलेला पदरच होता!

आता तुम्हाला एका 'धोंड्या'ची गोष्ट सांगते. कोकणातल्या मुरुड गावचा एक मुलगा परीक्षेसाठी डोंगर-घाट तुडवत पायी साताऱ्याला गेला. सतराच्या आसपासचं वय, पण दिसायला लहानखुरा. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि 'हा तर वयाने लहान दिसतो' म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही! नुसतं वरवर पाहून माणसाची पारख केली की असं होतं. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना 'भारतरत्न' मिळालं. धोंडो हे नाव ऐकून आज कोणाला दगड आठवतो का? आपल्याला आठवतात ते महर्षी! 'बलुतं' हे गाजलेलं आत्मकथन लिहिणारे दया पवार यांचंही मूळ नाव दगडूच होतं. तेव्हा नाव माणसाला मोठं करत नाही, माणूस नावाला मोठं करतो.

"मग बाई, कुठलंही नाव चालतं का?" असं कोणीतरी विचारणारच! नाही, मुलांनो. दिसायला सारखी वाटणारी दोन नावं आतून अगदी वेगळी असू शकतात. सातारा जिल्ह्यात कितीतरी मुलींचं नाव होतं 'नकुशी'. म्हणजे नको असलेली. घरात मुलगा हवा होता, पुन्हा मुलगीच झाली, म्हणून हे नाव. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, अशीही एक खुळी समजूत! कचरूच्या नावात 'तू आम्हाला हवास' असं लपलेलं होतं. नकुशीच्या नावात मात्र 'तू आम्हाला नको होतीस' हे उघड लिहिलेलं. रोज हजेरी घेताना, रोज कोणी हाक मारताना त्या मुलीने हे ऐकायचं! तिला काय वाटत असेल?

म्हणून २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात साताऱ्यात एक आगळाच कार्यक्रम झाला. अशा २८५ मुलींचं समारंभाने नव्याने बारसं केलं गेलं. त्यांच्यात काही चांगल्या मोठ्या, शाळेत जाणाऱ्या मुलीही होत्या. नव्या नावाचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात पडलं. नाव बदलल्याने घरातल्यांचं मन एका दिवसात बदलतं असं नाही. पण निदान सकाळच्या हजेरीचा काटा तरी निघाला!

नावाची ही कटकट फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका हं! न्यूझीलंड देशात एका मुलीचं नाव आईवडिलांनी ठेवलं होतं, 'तलुला डझ द हुला फ्रॉम हवाई'. म्हणजे 'हवाईची तलुला हुला नाच करते'. नाव कसलं, अख्खं वाक्यच! ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण ती नऊ वर्षांची मुलगी आपलं नाव मैत्रिणींपासून लपवून ठेवायची. शेवटी २००८ मध्ये प्रकरण उजेडात आलं आणि न्यायाधीशांनी तिचं नाव बदलण्याची वाट मोकळी करून दिली.

आइसलँडमध्ये अगदी उलट घडलं. तिथे नवीन नाव ठेवायचं तर सरकारी समितीची मंजुरी लागते. एका मुलीचं नाव होतं 'ब्लाइर', म्हणजे हलकीशी झुळूक. किती गोड! पण समिती म्हणाली, हा शब्द पुल्लिंगी आहे, मुलीला चालणार नाही. त्यामुळे सरकारी कागदांवर तिचं नाव नुसतं 'मुलगी' असं लागायचं. मुलीला मात्र आपलं नाव आवडत होतं. ती आणि तिची आई कोर्टात गेल्या आणि २०१३ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिला स्वतःचं नाव मिळालं!

बघा हं, एकीला नाव नकोसं झालं होतं, दुसरीला ते हवं होतं. दोन्हीकडे शेवटी ज्याचं नाव, त्याचं म्हणणं महत्त्वाचं ठरलं.

आणि आपल्याच देशात, मेघालयातल्या काँगथाँग गावात तर नावाची आणखी एक जादू आहे. तिथे बाळ जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर तयार करते. शब्द नाहीत, नुसता सूर! घरात त्या सुराचा छोटा तुकडा, रानात दूरवर हाक मारायची तर लांबलचक सूर. एकाचा सूर दुसऱ्याला देत नाहीत. आता अशा नावाला कोणी हसेल का?

पालकहो, थोडं तुमच्याशीही बोलते. आज माझ्या वर्गात कचरू नाही, नकुशी नाही. आज येतात ती कुठे कधी न ऐकलेली नावं. 'चारचौघांत उठून दिसावं' म्हणून ठेवलेली. हौस जरूर करा, पण आत्याबाईंनी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करण्याआधी एवढं बघा, की या नावाचा अर्थ बाळ मोठं झाल्यावर त्याला सांगता येईल ना? शेजारच्या आजीला ते उच्चारता येईल ना? बाळाच्या जन्माच्या नोंदीत पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, तेव्हा घाई कशाला? आणि दुसऱ्याच्या मुलाचं नाव ऐकून घरी नाक मुरडू नका. मुलं तेच शाळेत घेऊन येतात. मी बाई असून चुकले, मग मुलांना तरी काय बोल लावणार?

हो, आमच्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते राहिलंच की! तो पाचव्या दिवशी शाळेत आला. मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली आणि त्याच्या आजीची गोष्ट सांगितली. वर्ग अगदी चिडीचूप झाला होता. मग सगळ्यांना गृहपाठ दिला, घरातल्या मोठ्यांच्या नावाची गोष्ट विचारून या. दुसऱ्या दिवशी काय सांगू, गोष्टींचा पाऊस! कुणाच्या पणजोबांचं नाव धोंडू, कारण जन्म अधिक महिन्यातला, म्हणजे धोंड्याच्या महिन्यातला. कुणाची आजी भिकूबाई. सगळ्यांत शेवटी तो उभा राहिला. आवाज लहानच होता, पण या वेळी त्याने मधलं नाव गिळलं नाही.

चिडवणं लगेच थांबलं असं नाही हं. महिन्याभराने एकाने पुन्हा 'कचऱ्या' म्हटलंच. पण तेव्हा मला बोलावं लागलं नाही. शेजारच्या बाकावरची मुलगीच म्हणाली, "ए, त्याच्या आजीची गोष्ट विसरलास का रे?"

बालमित्रांनो, आज संध्याकाळी तुम्हीही आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, "तुमचं नाव कुणी ठेवलं? का ठेवलं?" विचाराल ना?