अभयारण्याची हद्द आणि खातेदाराचा हक्क

गांवचें माळरान अभयारण्यांत गेलें अशी वार्ता येतांच, जमीन हातची गेली असें मानून कित्येक खातेदार हताश होतात. कित्येक ‘पुढचें पुढें पाहूं’ म्हणून स्वस्थ बसतात. दोन्हींत नुकसानच आहे. यास्तव या कायद्याची रीत जाणून घेणें अगत्याचें होय.

अमेरिकेंत १९६४ च्या कायद्यान्वयें जे निर्जन वनप्रदेश राखले जातात, ते मुळांत सरकारी जमिनीवर. आपल्याकडे मात्र हद्दींत खाजगी शेतेंही येऊं शकतात. माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख घोषित झाला. त्यांत कर्जत, श्रीगोंदें व नेवासें तालुक्यांतील शेतें व वस्त्या आल्या. जमिनीच्या व्यवहारांस अडथळे झाले. पुढें हद्द घटवून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर करण्यांत आली. पण मध्यंतरीं तीन दशकें लोटलीं.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम १८ खालीं शासन प्रथम केवळ इरादा जाहीर करतें. त्या क्षणापासून वारसाहक्कावांचून त्या जमिनींत नवा हक्क संपादितां येत नाहीं. नंतर कलेक्टरसाहेबांनीं गांवोगांवीं स्थानिक भाषेंत जाहीरनामा लावावयाचा, व हक्कदारानें त्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आंत लेखी दावा करावयाचा, असा नियम आहे. चौकशीअंतीं दावा मान्य झाल्यास जमीन हद्दीबाहेर काढतां येते, मोबदला देऊन संपादितां येते, किंवा वन्यजीव खात्याच्या प्रमुखाशीं विचारविनिमय करून तो हक्क पुढें चालूंही ठेवतां येतो.

अभयारण्यांत चराई नियमित करतां येते. राष्ट्रीय उद्यानांत बरीक ती साफ बंद. हा भेद ध्यानीं ठेवावा. तसेंच हद्दींतील मिळकतीच्या मालकास आंत जाण्यास कायद्यानें मज्जाव नाहीं. जनावरानें पीक खाल्ल्यास नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे करतां येतो. तो मात्र तत्काळ करावा.

अंतिम घोषणा झाल्यावर हद्द बदलणें राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीवांचून होत नाहीं. म्हणून खरें काम त्या दोन महिन्यांचें. सातबाराचा उतारा, फेरफार, मोजणीचा नकाशा आणि विहिरीच्या व वाटेच्या वहिवाटीचा पुरावा आजच जुळवून ठेवावा. चावडीवरील जाहीरनामा वाचावा, दावा वेळेवर द्यावा आणि त्याची पोंच घेतल्यावांचून कचेरी सोडूं नये.