वकील बँकेच्या पॅनेलवरचा आहे ना?

स्लाउमध्ये घर शोधणारी मराठी जोडपी सल्ल्याला आली, की मी आधी विचारते, "कर्ज कोणत्या बँकेचं?" इंग्लंडमध्ये घरखरेदीचा सॉलिसिटर बहुधा तुमचं आणि बँकेचं, दोघांचंही काम बघतो. मालकी हक्क निर्वेध असल्याचा दाखला तोच बँकेला देतो, मगच कर्जाची रक्कम सुटते. म्हणून बँक हे काम आपल्या पॅनेलवरच्या फर्मलाच देते. तुमचा वकील त्यात नसेल, तर बँक आपला वेगळा वकील नेमू शकते. त्याची फी सहसा तुमच्याच माथी, शिवाय कामाला उशीर.

फी भरण्याआधी फर्मला ईमेल करा: 'अमुक बँकेच्या पॅनेलवर तुम्ही आज आहात का?' उत्तर लेखी घ्या. पॅनेल बदलतं, त्यामुळे बँक बदललीत तर पुन्हा विचारा. एस्टेट एजंटने सुचवलेलाच वकील घ्यायची सक्ती नाही. त्यात त्याचं कमिशन असू शकतं. फ्लॅट घेत असाल तर लीजहोल्डचा अनुभव विचारा. लीजची किती वर्षं उरलीत, हे बँकही बघते.

पॅनेलवर नाव असणं ही पहिली अट, शेवटची नव्हे. फोन उचलणारा, शंका नीट समजावून सांगणारा वकील निवडा. तुमची आयुष्यभराची पुंजी त्याच्या हातून जाणार आहे.