उपग्रह-प्रतिमा, संगणकीय प्रारूपे आणि वनाची व्याख्या

देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रह-प्रतिमांच्या आधारे देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर किमान १० टक्के वृक्षछत्र असल्यास, जमिनीची मालकी व वृक्षांची जात कोणतीही असो, ते क्षेत्र या अहवालात वनाच्छादित मानले जाते. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात व निकट-अवरक्त किरण परावर्तित करतात. या फरकावरून छत्राची घनता ठरविता येते. तथापि कोकणातील काजूची बाग व सह्याद्रीतील सदाहरित वन यांची अशा मापनात एकत्र गणना होऊ शकते. परिणामी नैसर्गिक वन तोडून रबराची लागवड केल्यास काही वर्षांनी आकडा पूर्ववत दिसू शकतो. जैवविविधतेची हानी मात्र त्यात उमटत नाही.

लेसर किरणांनी वृक्षांची उंची मोजणारे नासाचे एक उपकरण डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठविण्यात आले. उंचीवरून जैवभाराचा अंदाज बांधणारी संगणकीय प्रारूपेही अखेर जमिनीवर मोजलेल्या खोडांच्या घेरावरूनच पडताळावी लागतात. उपग्रह व संगणक हे क्षेत्रीय सर्वेक्षणाला पर्याय नसून पूरक होत. म्हणून वनविषयक आकडेवारी अध्यापनात वा संशोधनात वापरताना तीमागील ‘वन’ या संज्ञेची व्याख्या प्रथम तपासणे अगत्याचे ठरते.