स्तनवर्धन शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारद व चिकित्सालय यांची तुलना : एक विवेचन

बीजसंज्ञा : स्तनवर्धन, सिलिकॉन रोपण, माहितीपूर्ण संमती, रुग्णहक्क

प्रस्तावना :

इ. स. १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉन जेलच्या रोपणाद्वारे पहिली स्तनवर्धन शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर पसरली आणि आता महाराष्ट्रातील शहरांतूनही ती उपलब्ध आहे. या विषयावर उघडपणे बोलण्याचा संकोच असल्याने निर्णय बहुधा जाहिरात, छायाचित्रे व दर यांवरच घेतला जातो. वस्तुतः निरोगी व्यक्तीने स्वेच्छेने स्वीकारलेली ही शस्त्रक्रिया असल्याने येथे घाईचे कारण नसते आणि तुलनेस पुरेसा अवधी मिळतो. ही तुलना कोणत्या निकषांवर करावी, याचे विवेचन करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

पीआयपी प्रकरणाचा धडा :

फ्रान्समधील ‘पॉली इंप्लांट प्रोथेस’ ही कंपनी मान्यताप्राप्त वैद्यकीय सिलिकॉनऐवजी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरीत असल्याचे उघडकीस आल्यावर मार्च २०१० मध्ये तिच्या रोपणांवर बंदी आली. इंग्लंडसह युनायटेड किंग्डममध्ये सुमारे ४७,००० स्त्रियांच्या शरीरात ही रोपणे होती. त्यांपैकी बहुसंख्य शस्त्रक्रिया खाजगी चिकित्सालयांत झालेल्या होत्या. कंपनीचा संस्थापक जाँ-क्लोद मास यास २०१३ मध्ये चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या प्रकरणाचा बोध केवळ एका कंपनीपुरता मर्यादित नाही. ही रोपणे अधिकृत गुणवत्ता-प्रमाणपत्र असलेली होती, म्हणजे शल्यविशारद कुशल व चिकित्सालय नामांकित असूनही सदोष वस्तू शरीरात जाऊ शकत होती. पुढे आपल्या शरीरात कोणते रोपण आहे, हे अनेक स्त्रियांना ठाऊक नव्हते. काही चिकित्सालये बंद पडली होती, तर काहींनी विनामूल्य रोपण काढून देण्यास नकार दिला. इंग्लंडमध्ये २०१३ साली ब्रूस कीओ यांच्या समितीने सौंदर्योपचारांच्या नियमनाविषयी अहवाल दिला आणि २०१६ पासून रोपणांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. म्हणून तुलना करताना शल्यविशारद, स्थळ, रोपण आणि पश्चात जबाबदारी अशा चारही अंगांचा विचार आवश्यक ठरतो.

अ) शल्यविशारदाची अर्हता :

भारतात प्लास्टिक सर्जरीतील मान्य अर्हता म्हणजे सर्वसाधारणपणे एम. एस. नंतरची एम. सीएच. किंवा त्या विषयातील डी. एन. बी. होय. ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे फलकावरील बिरुद स्वतंत्र अर्हता दर्शवीत नाही. लघुमुदतीच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे पदवीची जागा घेऊ शकत नाहीत. महाराष्ट्रात डॉक्टरची नोंदणी व अर्हता महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येते. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल (१९९६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अर्हतेबाहेरील पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा मानला आहे. अर्हतेखेरीज दोन प्रश्न विचारणे इष्ट. ही विशिष्ट शस्त्रक्रिया आपण किती वेळा करता? आपल्या रुग्णांपैकी किती जणींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली? निवडक छायाचित्रांतून फक्त यशस्वी उदाहरणे दिसतात. या प्रश्नांच्या उत्तरांतून एकूण अनुभव कळतो.

आ) शस्त्रक्रियेचे स्थळ :

सल्ला देणारे चिकित्सालय आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृह ही पुष्कळदा भिन्न असतात. दुसऱ्या स्थळाची महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी आहे काय, पूर्ण वेळ उपस्थित राहणारा पात्र भूलतज्ज्ञ आहे काय आणि आणीबाणीत अतिदक्षता विभागाची सोय कोठे आहे, हे पाहावे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्क सनद व दरपत्रक दर्शनी भागी असणे अपेक्षित आहे.

इ) रोपणाची माहिती :

रोपणाचा उत्पादक, प्रकार, आकारमान व अनुक्रमांक असलेले पत्रक रुग्णास मिळालेच पाहिजे. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली खडबडीत पृष्ठभागाची ‘बायोसेल’ रोपणे जगभरातून परत मागविली, कारण लसीकापेशींच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी त्यांचा संबंध दिसून आला होता. असे पत्रक जवळ असलेल्या स्त्रीसच ही सूचना आपल्याला लागू आहे की नाही, हे ताबडतोब समजू शकते.

ई) संमती व पश्चात जबाबदारी :

रोपणे आजीवन टिकत नाहीत. ती फुटू शकतात, त्यांभोवतीचे आवरण आकसून कठीण होऊ शकते आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रोपणांवर ठळक चौकटीतील इशारा आणि रुग्णाने वाचून स्वाक्षरी करावयाची सूची अनिवार्य केली. लक्षणे नसली तरी सिलिकॉन रोपणांची पाच ते सहा वर्षांनी व त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय अथवा अल्ट्रासाउंड तपासणी करावी, अशी त्या प्रशासनाची शिफारस आहे. आपल्याकडे समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने संमती ही पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, असे स्पष्ट केले. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर स्वतः धोके सांगतो की समन्वयकाकडून स्वाक्षरी घेतली जाते, हा फरक तुलनेत निर्णायक मानावा.

उ) खर्च :

अंदाजपत्रक लेखी घ्यावे. त्यात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, रोपण आणि कर यांची रक्कम पृथक् असावी. निव्वळ सौंदर्यहेतूच्या शस्त्रक्रियेस आरोग्यसेवेची करमाफी लागू नाही व आरोग्यविम्यातूनही ती सामान्यतः वगळलेली असते. गुंतागुंत उद्भवल्यास पुनःशस्त्रक्रियेचा भार कोण उचलणार, हेही आधीच लिहून घ्यावे. हा भार जमेस न धरता केलेली दरांची तुलना फसवी ठरते. ‘आजच आरक्षण केल्यास सवलत’ हा प्रस्ताव तर विचारासाठी असलेला अवधीच हिरावून घेतो.

निष्कर्ष :

उपरोक्त निकषांचे समान सूत्र असे की, जे कागदावर पडताळता येते त्यास जे केवळ दाखविले जाते त्याहून अधिक वजन द्यावे. किमान दोन शल्यविशारदांचा सल्ला घेऊन तेच प्रश्न दोघांनाही विचारले असता उत्तरांतील तफावत आपोआप स्पष्ट होते. ‘आपणास या शस्त्रक्रियेची गरज नाही’ असे सांगणारा शल्यविशारदही या तुलनेत मोलाचा ठरतो. महाविद्यालयांतील महिला विकास कक्ष व आरोग्य समित्यांनी हे निकष विद्यार्थिनींपर्यंत नैतिक निवाडा न करता पोहोचविल्यास संकोचापोटी होणारे नुकसान टाळता येईल.