देवराईचे राखणदार

फाकपंचमी उजाडली, की कोकणच्या वाटा माणसांनी फुलू लागतात. मुंबईचा चाकरमानी गावी परततो, ग्रामदेवतेची रूपे पालखीत विराजमान होतात आणि ढोलताशांच्या गजरात देव स्वतः भक्ताच्या दारी येतो. होळीच्या माळावर गाऱ्हाणे घातले जाते आणि 'व्हय महाराजा' असा एकमुखी प्रतिसाद उठतो. शिमग्याचा हा सोहळा आपण डोळे भरून पाहतो. परंतु पालखी ज्या देवळातून निघते, त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या गर्द रानाकडे आपली दृष्टी क्वचितच वळते. ते रान म्हणजे देवराई.

देवराईतील काडीसुद्धा घरी न्यावयाची नाही, हा पूर्वजांचा दंडक. वरवर पाहता ही केवळ भीती. पण तिच्या पोटी मोठे शहाणपण होते. रानाच्या मुळांशी झरा असतो आणि झऱ्यावर गाव जगतो. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या रहिवाशांना हे पक्के ठाऊक होते. १९७२ मध्ये त्यांच्या देवराईवर कुऱ्हाड येऊ घातली, तेव्हा राई गेली तर पाणीही जाईल, या चिंतेने त्यांनी पुण्याच्या अभ्यासकांचे साहाय्य मागितले आणि ती तोड टळली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्याच दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले.

आज मात्र नुसत्या धाकावर रान टिकत नाही. पुष्कळ ठिकाणी जुन्या कौलारू देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सिमेंटचा सभामंडप उठतो आणि त्याच्या जागेसाठी वा खर्चासाठी देवाचीच झाडे जातात. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश रान खाजगी मालकीचे. घरात लग्न निघाले, आजारपण आले, की ठेकेदार दारात उभा राहतो आणि शंभर वर्षांचे झाड सरपणाच्या भावाने विकले जाते. अशा कुटुंबाला दोष तरी कसा द्यावा? उभ्या झाडाचे मोल कोणी देत नाही. आडव्या झाडाचे मिळते.

या दुखण्यावर पुण्याच्या 'अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने शोधलेला उपाय ध्यानात घेण्याजोगा आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्थापन झालेली ही संस्था संगमेश्वर तालुक्यातील देवराया आणि त्यांच्या आसपासची खाजगी राने यांसाठी काम करीत आली आहे. उपदेशापेक्षा करारावर तिचा भर अधिक. ठरावीक वर्षे रान तोडावयाचे नाही, असा लेखी शब्द मालकांनी द्यावयाचा आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावयाचा, अशी ही व्यवस्था.

याहून बोलके उदाहरण बेहड्याचे. या वृक्षाच्या वाट्याला परंपरेने अपकीर्तीच आली. महाभारतातील नलोपाख्यानात नळराजाला सोडून निघालेला कली याच वृक्षात शिरतो. असे हे अशुभ ठरलेले झाड तोडताना कोणाचा हात अडखळावा? परंतु हिरडा आणि आवळा यांच्या जोडीने त्रिफळा पूर्ण करतो तो हाच बेहडा. संस्थेने संगमेश्वरातील बेहडा आणि भीमाशंकर परिसरातील हिरडा यांच्या जबाबदार संकलनाची घडी बसविली आणि २०१५ मध्ये त्यासाठी 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविले. ब्रिटनमधील 'पक्का हर्ब्ज' ही कंपनी या फळांची ग्राहक झाली. झाडाला इजा होऊ नये, रानातील जिवांसाठी फळांचा वाटा राखावा आणि गोळा करणाऱ्यास रास्त दाम मिळावा, हे या प्रमाणपत्राचे मर्म.

रानातील जिवांचा हा वाटा का राखावयाचा, हे धनेश पक्ष्याकडे पाहून उमगते. कोकणात कोठे त्याला ककणेर म्हणतात, कोठे गरुड. जुन्या, उंच बेहड्याच्या ढोलीत त्याचे घरटे असते. साधारण फाल्गुनाच्याच सुमारास मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून स्वतःला कोंडून घेते. उरते ती एक अरुंद फट. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना फळे भरवितो. खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर टाकून हाच पक्षी नवे रान पेरतो. पालखी दारोदार फिरत असते, त्याच दिवसांत राईच्या पोटी हे मूक व्रत चाललेले असते. त्या वेळी एक वठलेला वाटणारा वृक्ष पडला, तर अवघे कुटुंब त्याच्याबरोबर जाते.

धाकाने राई राखली ती गरजा थोड्या होत्या तोवर. यापुढे श्रद्धेला हिशेबाची जोड द्यावी लागेल. जो राखतो, त्याची चूल पेटली पाहिजे. देवळाच्या कळसासाठी मुंबईहून वर्गणी पाठविणाऱ्या मंडळांनी राईच्या राखणीसाठीही त्यातला चतकोर बाजूला काढला, तर ती देवाचीच सेवा ठरेल.

यंदाच्या गाऱ्हाण्यात लेकराबाळांचे, गुराढोरांचे रक्षण मागताना राईचे नावही घेतले जावो. मात्र 'व्हय महाराजा' म्हणणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे, की हे मागणे देवाने नव्हे, आपणच पुरे करावयाचे आहे.